एक्झिट पोलचा हिशेब कोण तपासणार?

१ जून २०२४. लोकसभेच्या सातव्या आणि शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि कायद्याने ठरवून दिलेला अर्धा तास उलटताच, संध्याकाळी साडेसहाला, देशभरातल्या वृत्तवाहिन्यांनी आपापले आकडे एकदमच पडद्यावर आणले. ॲक्सिस माय इंडियाने राष्ट्रीय लोकशाही आघाडीला (रालोआ) ३६१ ते ४०१ जागा दिल्या. टुडेज चाणक्यने ४००, त्यात पंधरा इकडे-तिकडे. सीएनएक्सने ३७१ ते ४०१, सी-व्होटरने ३५३ ते ३८३, मॅट्राइझने ३५३ ते ३६८. रात्री उशिरापर्यंत चर्चा चालू होती ती सरकार कोणाचं येणार याची नव्हती. चारशेचा पल्ला गाठला जाणार की थोडक्यात हुकणार, याची होती.

४ जूनला मतपेट्यांनी वेगळंच सांगितलं. भाजपला २४० जागा, म्हणजे बहुमतासाठी लागणाऱ्या २७२ पेक्षा ३२ कमी. आघाडी मिळून २९३. विरोधी इंडिया आघाडी २३४ वर. दोन दिवस ज्या आकड्यांवर देशभर पैजा लागल्या, मंत्रिमंडळाच्या याद्या रंगल्या, ते आकडे साठ ते शंभर जागांनी चुकले होते. ॲक्सिसचे प्रमुख प्रदीप गुप्ता यांना त्या दिवशी थेट प्रक्षेपणातच रडू कोसळलं. याच संस्थेने २०१९ मध्ये ३३९ ते ३६५ चा अंदाज दिला होता आणि निकाल त्या पट्ट्याच्या बरोबर आत पडला होता. कोणा एका माणसाच्या सचोटीवर किंवा कौशल्यावर बोट ठेवून हा विषय संपत नाही, तो यासाठीच. पाच वर्षांत पद्धत फारशी बदलली नव्हती. मग बदललं काय?

उत्तराची सुरुवात शेअर बाजारापासून करावी लागेल, कारण चुकीच्या अंदाजाची किंमत कोणी मोजली हे तिथे आकड्यांत दिसतं. एक्झिट पोल शनिवारी आले. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळून ७६,४६८ वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणीच्या फेऱ्या पुढे सरकू लागल्या तसा तो कोसळत गेला आणि सुमारे ४,३९० अंशांनी घसरून ७२,०७९ वर थांबला. गुंतवणूकदारांचं एका दिवसातलं कागदोपत्री नुकसान ३१ लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं. राहुल गांधींनी या सगळ्या प्रकाराची संयुक्त संसदीय समितीकडून चौकशी व्हावी अशी मागणी केली, भाजपने आरोप फेटाळले. त्या राजकीय वादात न शिरताही एक गोष्ट उरतेच. सोमवारी चढ्या भावाने शेअर घेणाऱ्या सामान्य माणसाने ते वाहिनीवरचा आकडा खरा मानून घेतले होते, आणि तो आकडा कसा काढला हे तपासायचं कुठलंही साधन त्याच्या हाती नव्हतं.

अंदाज चुकण्याची ही पहिली वेळ मुळीच नव्हती. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या झगमगाटात जवळजवळ सगळ्या चाचण्यांनी वाजपेयी सरकार परत येणार असं सांगितलं होतं, रालोआसाठी २३० ते २७५ असे आकडे फिरत होते. १३ मे २००४ ला काँग्रेस १४५ आणि भाजप १३८ असा निकाल लागला. २०१४ मध्ये चाणक्यने रालोआला ३४० जागा दिल्या, आल्या ३३६, आणि त्या संस्थेचा देशभर गवगवा झाला. दीडच वर्षाने, २०१५ च्या बिहार निवडणुकीत, त्याच संस्थेने भाजप आघाडीला १५५ जागा दिल्या. आल्या ५८. महाआघाडीने २४३ पैकी १७८ जागा जिंकल्या.

त्या बिहार निवडणुकीतली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ॲक्सिसने तेव्हा महाआघाडीला १६९ ते १८३ जागांचा अंदाज काढला होता. तो जवळजवळ अचूक होता. पण ज्या वाहिनीसाठी तो काढला होता, तिने तो ठरलेल्या वेळी दाखवलाच नाही. इतर बहुतेक जण अटीतटीची लढत किंवा भाजप आघाडीचा विजय सांगत असताना एकट्यानेच असा एकतर्फी आकडा कसा दाखवायचा, हा संकोच समजण्यासारखा आहे. पण या संकोचातच या व्यवसायाचं एक मोठं दुखणं दडलेलं आहे. वेगळा पडलेला आकडा चुकला तर नाव जातं; सगळ्यांबरोबर चुकलं तर कोणी फारसं बोलत नाही. त्यामुळे अंदाज एकमेकांकडे सरकतात. १ जून २०२४ ला मोठ्या वाहिन्यांवरचे बहुतेक आकडे साडेतीनशे ते चारशेच्या पट्ट्यात दाटले होते, त्याचं एक कारण हे असू शकतं. खऱ्या निकालाला सामावून घेणारा पट्टा दिला तो दैनिक भास्करने, २८१ ते ३५०, आणि त्याकडे त्या संध्याकाळी फार कोणाचं लक्ष गेलं नाही. मग वाहिन्या या सगळ्या आकड्यांची सरासरी काढून ‘पोल ऑफ पोल्स’ म्हणून दाखवतात. चुका वेगवेगळ्या दिशांना असतील तर सरासरीत त्या एकमेकींना खोडतात. सगळेच एका बाजूला झुकलेले असतील, तर सरासरी त्याच चुकीवर शिक्कामोर्तब करते.

आता मुळात माहिती गोळा कशी होते ते पाहू. नावावरून वाटतं की मतदार केंद्रातून बाहेर पडला आणि दारातच त्याला विचारलं. काही संस्था तसं करतात. पण पुष्कळदा मुलाखती गावात, वस्तीवर, घरी जाऊन होतात. लोकसभेसारख्या दीड महिना चालणाऱ्या निवडणुकीत तर पहिल्या टप्प्यातल्या मतदाराचं उत्तर कित्येक आठवडे संगणकात पडून असतं. विचारणारे बहुधा कंत्राटावर घेतलेले तरुण असतात, हातात टॅब, डोक्यावर दिवसाच्या मुलाखतींचा कोटा. भर उन्हात कोटा पूर्ण करायचा तर पाय कुठे वळतात? रस्त्याकडेच्या गावाकडे, पारावर बसलेल्या पुरुषांकडे, जो थांबतो आणि बोलतो त्याच्याकडे. शेतातून परत निघालेली बाई, वस्तीच्या कडेला राहणारं कुटुंब, अनोळखी माणसाला पाहून दार लोटून घेणारी म्हातारी यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तर. भारतीय मतदारसंघ तसा नसतो. एकाच गावात गावठाणाचा कौल वेगळा, मळ्यातल्या वस्त्यांचा वेगळा, तांड्याचा वेगळा. म्हणून नमुना किती मोठा यापेक्षा तो कुठून उचलला याला महत्त्व असतं, आणि जाहिरात मात्र नेमकी संख्येचीच होते. २०२४ ला ॲक्सिसचा नमुना साडेपाच लाखांहून मोठा होता. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या होत्या आणि त्यांच्या बळावर त्याने रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट यांनी दोन राज्यं वगळता सगळी अमेरिका जिंकली. ज्यांना पत्रं पाठवली त्यांची नावं मोटारमालकांच्या आणि टेलिफोनधारकांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे त्यातलेही थोडेच. नमुना एका बाजूला झुकलेला असेल तर तो दहापट वाढवून ती झुकलेली बाजू सरळ होत नाही.

कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो, हा या सगळ्याचा गाभा आहे. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एक्झिट पोलने जॉन केरी यांना देशभरात सुमारे तीन टक्क्यांची आघाडी दाखवली; जिंकले बुश, सुमारे अडीच टक्क्यांनी. चाचणी घेणाऱ्या संस्थांनी स्वतःच चौकशी केली आणि जानेवारी २००५ मध्ये अहवाल सर्वांसमोर ठेवला. केरींचे मतदार मुलाखत द्यायला अधिक तयार होते, बुश यांचे मतदार टाळून पुढे जात होते. जिथे मुलाखत घेणारे अगदी तरुण होते तिथे हा फरक जास्त निघाला. एवढी साधी, पण शोधल्याशिवाय न कळणारी गोष्ट.

आपल्याकडे गप्प राहण्याची कारणं आणखी खोल आहेत. ज्या गावात सरपंच, सोसायटीचा चेअरमन आणि किराणा दुकानदार एकाच गटाचे असतात, तिथे दुसऱ्या चिन्हावर बटण दाबणारा मजूर ते एखाद्या परक्या पोराच्या टॅबवर कशाला सांगेल? उत्तर प्रदेशात २०२४ ला ॲक्सिसने रालोआला ८० पैकी ६७ ते ७२ जागा दिल्या होत्या. भाजपला ३३ मिळाल्या, समाजवादी पक्षाला ३७ आणि काँग्रेसला ६. राज्यघटना आणि आरक्षण या मुद्द्यांवर दलित मतदारांचा एक भाग सरकला होता, असं निकालानंतर अनेक अभ्यासकांनी मांडलं. तो सरकताना कुणाच्या टॅबमध्ये पुरेसा उतरला नाही. यात मतदाराकडे बोट दाखवण्यासारखं काहीच नाही. गुप्त मतदान हा त्याचा हक्क आहे आणि गप्प राहणं हा त्या हक्काचाच भाग. ही शांतता मोजता येत नाही हे प्रेक्षकांना स्वच्छ सांगण्याची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांची आहे.

गप्प मतदारांची भरपाई करायला संस्था उत्तरांना वजन देतात. नमुन्यात स्त्रिया कमी आल्या तर त्यांच्या उत्तरांचं वजन वाढवायचं, शहरी लोक जास्त आले तर कमी करायचं. पण हे प्रमाण कशावरून ठरवायचं? जनगणनेवरून. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हापासून पुणे, ठाणे, नाशिकच्या कडेची किती गावं शहरात विरघळली, मराठवाड्यातली किती कुटुंबं चाकणला आणि वाळूजला येऊन राहिली, याचा अधिकृत हिशेब देशाकडेच नाही. जातींचं प्रमाण तर त्याहून अंदाजपंचे.

एवढं होऊन मतांची टक्केवारी अगदी बरोबर मिळाली असं समजू. तरी खरी अडचण पुढेच आहे, कारण वाहिनीला टक्के नको असतात, जागा हव्या असतात. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी अंतर होतं. जागा मात्र ३० विरुद्ध १७, आणि सांगलीत एक अपक्ष. ॲक्सिसने महायुतीला २८ ते ३२ दिल्या होत्या. हरियाणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या विधानसभेत भाजपला ३९.९४ टक्के आणि काँग्रेसला ३९.०९ टक्के मतं पडली. जागा ४८ आणि ३७. जवळजवळ सर्व चाचण्या तिथे काँग्रेसला स्पष्ट बहुमत देत होत्या. मध्य प्रदेशात २०१८ मध्ये तर भाजपची मतं काँग्रेसपेक्षा किंचित जास्त होती आणि जागा कमी, १०९ विरुद्ध ११४.

हरियाणातल्या त्या ०.८५ टक्क्याच्या अंतराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. राज्यभरातून दहा हजार मतदार अगदी निर्दोष पद्धतीने, चिठ्ठ्या टाकून निवडले, आणि प्रत्येकाने खरं उत्तर दिलं, तरी दोन पक्षांमधल्या अंतराच्या अंदाजात पावणेदोन टक्क्यांची चूक नुसत्या योगायोगाने होऊ शकते. चाळीस हजार मतदार घेतले तरी ती चूक एका टक्क्याच्या आसपास राहते. म्हणजे कोण पुढे आहे हेच ठामपणे सांगता येत नाही, मग प्रत्येकाच्या जागा सांगणं तर दूरच. आणि प्रत्यक्षातला नमुना निर्दोष नसतो. काही ठरावीक केंद्रांवर एकेका ठिकाणी वीस-पंचवीस माणसं गाठलेली असतात, त्यामुळे चूक यापेक्षा मोठीच. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये लोकसभेला रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले, दोघांना मिळून नऊ लाखांवर मतं असताना. गोव्यात २०२२ ला सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी ठरली. असा निकाल कुठल्याही चाचणीच्या आवाक्यातला नाही, आणि त्यात चाचणीला कमीपणा वाटावा असंही काही नाही. तो आवाक्यात असल्यासारखं दाखवलं जातं, हे मात्र गैर आहे.

टक्केवारीवरून जागा काढताना साधारणपणे मागच्या निवडणुकीचा निकाल घेऊन त्यावर राज्यभराचा किंवा विभागाचा बदल सारखा पसरवला जातो. छत्तीसगडच्या सरगुजा विभागात २०१८ ला काँग्रेसने चौदाच्या चौदा जागा जिंकल्या होत्या. २०२३ ला भाजपने चौदाच्या चौदा घेतल्या. राज्यभराची सरासरी एका भागात अशी उलटीपालटी झाली की सगळं गणित फसतं. बहुतेक चाचण्या तिथे काँग्रेसला पुढे दाखवत होत्या. भाजपने ५४ जागांसह सरकार बनवलं.

महाराष्ट्राच्या नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत चूक वेगळ्या प्रकारची झाली. बहुतेक संस्थांनी महायुती पुढे असल्याचं सांगितलं, म्हणजे दिशा बरोबर. काहींनी मात्र महाविकास आघाडीला झुकतं माप दिलं, काहींनी त्रिशंकूची शक्यता सांगितली. महायुतीला १५० ते १७० असे आकडे सर्रास होते, ॲक्सिसचा अंदाज १७८ ते २०० चा. २३ नोव्हेंबरला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, असा या तीन पक्षांचाच २३० चा गुलाल उधळला गेला. मे ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यात पडू लागले होते, बायका मोठ्या संख्येने केंद्रावर आल्या होत्या. पारावरच्या पुरुषांना विचारून तो कौल कळण्यासारखा नव्हता. लोकसभेला एका दिशेने फसलेले अंदाज सहा महिन्यांत याच राज्यात उलट दिशेने फसले, आणि म्हणून त्यांच्यात एखाद्या पक्षाचा कायमचा कैवार शोधणंही पटत नाही. पैशाचे आरोप झालेले आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका वाहिनीने छुप्या चित्रणात काही सर्वेक्षण संस्थांचे प्रतिनिधी आकडे हवे तसे वाकवून द्यायला तयार असल्याचं दाखवलं होतं आणि संबंधितांनी ते नाकारलं होतं. कोण खरं हे ठरवायचं तर कच्ची माहिती लागते. ती तेव्हाही बाहेर आली नाही.

हे सगळं नीट करता येतं याचं उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या वाहिन्या मिळून एकच एक्झिट पोल करतात. प्राध्यापक जॉन कर्टिस यांच्या गटाचं त्यामागे काम असतं. सुमारे १३० मतदान केंद्रं, शक्यतो मागच्या वेळी घेतली तीच. बाहेर पडणाऱ्या ठरावीक क्रमाच्या मतदाराला खऱ्या मतपत्रिकेसारखीच एक कागदी मतपत्रिका दिली जाते, ती तो गुपचूप भरून पेटीत टाकतो. कोणाला तोंडाने सांगायचं नाही, कोणी टॅबवर टिपायचं नाही. मग त्याच केंद्रावर मागच्या वेळेपेक्षा मतं किती हलली ते पाहून जागांचा अंदाज बांधतात. २०१९ ला त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३६८ जागा दिल्या, आल्या ३६५. २०२४ ला मजूर पक्षाला ४१० दिल्या, आल्या ४११. १९९२ ला तिथले एक्झिट पोल सपशेल फसले होते. त्यांनी त्रिशंकू संसद सांगितली आणि जॉन मेजर बहुमताने निवडून आले. त्यानंतर पद्धत बदलली, आणि बदल कोणता केला हे शोधनिबंधांत छापलं.

ब्रिटनला तीच केंद्रं पुन्हा घ्यावी लागतात, कारण तिथे केंद्रनिहाय निकाल जाहीरच होत नाही. भारतात होतो. मतमोजणीनंतर प्रत्येक मतदारसंघाचा नमुना २० भरला जातो, त्यात एकेका मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली हे लिहिलेलं असतं, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. म्हणजे भारतातला एक्झिट पोल केंद्राकेंद्रावर पडताळून पाहता येण्यासारखा आहे. एखाद्या संस्थेने अमुक गावच्या अमुक क्रमांकाच्या केंद्रावर तीस जणांना विचारलं असेल, तर त्या तिसांचं उत्तर आणि त्या केंद्राचा खरा निकाल शेजारी शेजारी ठेवता येतो. कुठे शांतता होती, कुठे एका गटाचेच लोक बोलले, कुठे मुलाखत झालीच नाही आणि टॅब घरी बसून भरला गेला, हे सगळं त्यातून उघडं पडेल. मुलाखत घेतलेल्या माणसाचं नाव सांगायची गरजच नाही. फक्त केंद्रांची यादी, प्रत्येक केंद्रावरची उत्तरांची बेरीज, किती जणांनी नकार दिला आणि वजन कसं दिलं, एवढं पुरे.

आपला कायदा मात्र फक्त वेळेचा विचार करतो. निवडणूक आयोगाने १९९८ मध्ये चाचण्यांवर बंधनं घातली. मागे कायदा नसल्याने १९९९ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयापुढे टिकली नाहीत. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२६ अ हे कलम आलं. मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल घेण्यास आणि दाखवण्यास मनाई, भंग केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. साडेसहानंतर काय दाखवलं, कशाच्या आधारावर दाखवलं, याबद्दल कलमात एक अक्षर नाही. दाखवण्यावर सरसकट बंदी घालावी असं म्हणणारेही आहेत. ते बरोबर नाही. बंदी घातली की आकडे सट्टेबाजांच्या आणि ब्रोकरांच्या फोनवर फिरतील, सामान्य माणसाला तेवढे दिसणार नाहीत. मागणी करायची ती उघडेपणाची.

१५ ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्र आणि झारखंडच्या निवडणुका जाहीर करताना तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी हेच प्रश्न जाहीरपणे विचारले होते: नमुना किती होता, सर्वेक्षण कुठे झालं, निकाल जुळला नाही तर जबाबदारी कोणाची. आयोग यात नियमन करत नाही, संबंधितांनी स्वतःच आत्मपरीक्षण करावं, असं ते म्हणाले. ती सूचना होती, सक्ती नव्हती. पाच आठवड्यांनी, २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी, महाराष्ट्राचे आकडे नेहमीसारखेच आले: पक्षांचे रंग आणि जागांचे पट्टे. त्या निवडणुकीतल्या सर्व २८८ मतदारसंघांचा केंद्रनिहाय निकाल आज सरकारदरबारी जाहीर आहे. कोणत्या संस्थेने त्यातल्या कोणत्या केंद्रांवर किती जणांना विचारलं, ती यादी त्याच्या शेजारी ठेवायची राहिली आहे.